लोक बघतात आणि पुढे जातात, स्टॉलची मांडणी कमी खर्चात कशी सुधारू?

सुईदोरा:
नमस्कार मंडळी. मी घरी कापडी पिशव्या, चेनवाली पाउचेस आणि कापडी कव्हरच्या वह्या बनवते आणि चार महिन्यांपासून बाजारात स्टॉल लावतेय. माल चांगला आहे, ज्यांनी एकदा घेतलं ते परत येतात, शिलाई उसवली म्हणून आजवर एकही पिशवी परत आलेली नाही. अडचण वेगळीच आहे, नवीन माणूस थांबतच नाही. चालता चालता एक नजर टाकतात आणि सरळ पुढे. माझ्या शेजारच्या स्टॉलवर मात्र सतत चार माणसं उभी असतात आणि खरं सांगायचं तर त्यांचा माल काही माझ्यापेक्षा भारी नाहीये, हे मी जळफळाटाने म्हणत नाही, मी स्वतः जाऊन हातात घेऊन बघितलंय.

माझ्याकडे एक ६ फुटी टेबल आहे, त्यावर फुलाफुलांची चादर घालते आणि सगळा माल घड्या घालून नीट ओळीत मांडते. भाव कुठे लिहिलेले नाहीत, कुणी विचारलं की सांगते. मैत्रीण म्हणते मोठा बॅनर छापून घे, स्टँड विकत घे, पण आत्ता तेवढे पैसे खरंच नाहीयेत, जे येतं ते कापडात जातं. घरात जुन्या चादरी, पुठ्ठ्याची खोकी, एक लहान लाकडी शिडी आणि भरपूर चिंध्या आहेत. यातून काही होईल का? पहिलं काय बदलू ते सांगा, सगळं एकदम जमणार नाही.

वाटसरू:
ताई, पहिलं काम फुकटचं आहे. पुढच्या वेळी स्टॉल लावून झाला की टेबलाच्या मागे बसायच्या आधी समोर जा, दहा-बारा पावलं लांब, जिथून लोक चालत येतात तिथे, आणि मोबाईलवर फोटो काढा. उभ्या उभ्या बघून कळत नाही, कारण आपल्याला माहीत असतं कुठे काय ठेवलंय आणि डोळा आपोआप ते शोधून काढतो. फोटोत मात्र जे दिसत नाही ते दिसतच नाही.

आणि तुम्ही लिहिलंय की सगळा माल घड्या घालून आडवा मांडलाय, मला वाटतं तिथेच सगळं अडलंय. जरा हिशोब करून बघा. टेबल साधारण अडीच फूट उंच, माणसाचा डोळा पाच फुटांवर. टेबलाची खोली २ फूट धरा. आता १० फुटांवरून येणाऱ्या माणसाला ते अख्खं २ फूट खोल टेबल किती दिसतं, तर जेमतेम ५ इंच उंचीच्या पट्टीएवढं! तुमचा सगळा माल त्या ५ इंचात कोंबलेला आहे. आणि तुमचं एकच ८ इंची पाउच टेबलाच्या पुढच्या कडेला उभं केलंत तर ते पूर्ण ८ इंच दिसतं. म्हणजे एक उभं पाउच दुरून सगळ्या आडव्या मालापेक्षा मोठं.

तेव्हा माल उभा करा. मागे उंच, मध्ये मध्यम, पुढे बुटका, पायऱ्यांसारखं. पुठ्ठ्याची खोकी उपडी घालून त्यावर एकाच रंगाची चादर टाकली की खालचं खोकं कुणाला दिसत नाही. शिडी आहे म्हणता ना? ती तर सोनं आहे. टेबलाच्या बाजूला उभी करा आणि पायऱ्यांना एस आकाराचे हूक लावून पिशव्या टांगा, लांबून पिशवी पिशवीसारखी दिसली पाहिजे, घडी केलेलं कापड बघून कुणाला कळणार की ही पिशवी आहे का टॉवेल आहे.

अक्षरवेडी:
वर वाटसरूंनी लिहिलंय त्याला पूर्ण अनुमोदन. मी फक्त पाट्यांबद्दल बोलते कारण माझा जीव त्यात आहे.

भाव न लिहिणं ही मोठी चूक होतेय गं. खूप लोक भाव विचारतच नाहीत, विचारला आणि परवडला नाही तर नको म्हणायला अवघड वाटतं, म्हणून मग लांबूनच निघून जातात. मी स्वतः अशीच आहे. प्रत्येक वस्तूवर नाही जमलं तर निदान प्रत्येक गटापुढे एक भावाची पाटी हवी.

मोठ्या पाटीसाठी बॅनर छापायची काही गरज नाही. पाटी बनवणारे एक ढोबळ माप वापरतात, दर १० फुटांना १ इंच अक्षर. म्हणजे २० फुटांवरून आरामात वाचता यायला हवं असेल तर अक्षर २ इंच उंच पाहिजे. आणि हे माप नुसत्या अक्षराच्या अंगाचं धर, मात्रा, वेलांट्या आणि खालचे उकार सोडून. देवनागरीत हीच गोची होते, वर मात्रा खाली उकार असल्यामुळे दोन ओळी जवळ लिहिल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो आणि लांबून नुसता गिचमिडकाला दिसतो. म्हणून ओळी कमी आणि मध्ये मोकळी जागा भरपूर. 'हाताने शिवलेल्या कापडी पिशव्या' एवढं बास आहे. तुझ्या ब्रँडचं नाव खाली छोट्या अक्षरात टाक, लांबून येणाऱ्याला आधी हे कळायला हवं की इथे मिळतं काय.

अक्षर चांगलं नसेल तरी चालतं, ही युक्ती बघ. कॉम्प्युटरवर मोठ्या ठसठशीत फाँटमध्ये शब्द टाईप करून साध्या ए४ कागदांवर तुकड्या तुकड्यात प्रिंट काढ, कागदाच्या मागच्या बाजूला मऊ पेन्सिल आडवी धरून घासून काढ, मग तो कागद पुठ्ठ्यावर सरळ बाजू वर ठेवून अक्षरांच्या कडेने बॉलपेन दाबून फिरव. खाली पुठ्ठ्यावर पुसटशी आउटलाइन उमटते, ती जाड मार्करने किंवा रंगाने भरून टाक. तू तर शिवणारी आहेस, तुला चिंध्यांमधून अक्षरं कापून कापडावर शिवता येतील, मग तर पाटी हाच तुझ्या कामाचा नमुना झाला. फक्त रंग बघून घे, गडद कापडावर फिकं अक्षर किंवा उलट. लाल कापडावर हिरवी अक्षरं नको, दोन्ही सारखेच गडद असले की लांबून काहीच उठून दिसत नाही आणि ज्यांना लाल-हिरव्यातला फरक कळत नाही त्यांना तर मुळीच वाचता येत नाही.

सुईदोरा:
बापरे, ते ५ इंचाचं वाचून मी टेबलासमोर जाऊन खरंच मोजपट्टी धरून बघितलं. बरोबर आहे!! मला वाटत होतं घड्या नीट घातल्या की टापटीप दिसतं. एक प्रश्न, माझ्याकडे जवळजवळ तीस प्रकारची कापडं आहेत, सगळी मांडू का थोडी? सगळी मांडली तर गर्दी वाटते, थोडी मांडली तर वाटतं लोकांना हवा तो रंगच दिसणार नाही.

मोजकंच_बरं:
थोडी मांडा. यावर एक प्रसिद्ध प्रयोग आहे, शीना अय्यंगार आणि मार्क लेपर या संशोधकांनी २००० साली प्रसिद्ध केलेला. एका दुकानात जॅम चाखायला टेबल लावलं, कधी २४ प्रकारचे जॅम तर कधी फक्त ६. २४ असताना जाणाऱ्यांपैकी ६० टक्के लोक थांबले आणि ६ असताना ४० टक्के. पण थांबलेल्यांपैकी खरेदी किती जणांनी केली, तर २४ वाल्यांत ३ टक्के आणि ६ वाल्यांत ३० टक्के. जास्त पर्याय बघून माणूस गोंधळतो आणि नंतर बघू म्हणून निघून जातो.

जुनी_वही:
मोजकंच_बरं, तो प्रयोग खरा आहे पण गोष्ट तिथे संपत नाही. २०१० मध्ये काही संशोधकांनी अशा ५० प्रयोगांचा एकत्र हिशोब केला तर सरासरी परिणाम जवळजवळ शून्य निघाला, काही ठिकाणी जास्त पर्यायांनी विक्री घटली तर काही ठिकाणी वाढली. त्यामुळे सहाच ठेवा असा नियम करू नका. आणि त्या जॅमच्या आकड्यातच बघा ना, जास्त प्रकारांनी लोक जास्त थांबले आणि ताईंची अडचण तर लोक थांबत नाहीत हीच आहे.

माझं मत असं की तीसच्या तीस ठेवा पण रंगाने लावा. फिके एकीकडे, मग पिवळे-नारिंगी, लाल, मग निळे-हिरवे, शेवटी गडद. आत्ता ती तीस कापडं कशीही शेजारी शेजारी असतील तर डोळ्याला नुसता कल्लोळ दिसतो, तीच रंगाने लावली की लांबून एक पट्टा दिसतो आणि माणूस आपल्या आवडीच्या रंगाकडे आपोआप वळतो. याला एक पैसा लागत नाही, अर्धा तास लागतो. प्रत्येक प्रकाराचा एकच नग वर ठेवा, बाकीचे टेबलाखाली. हो आणि ती फुलाफुलांची चादर काढाच. तुमच्या मालावरच नक्षी आहे, खाली पुन्हा नक्षी म्हणजे माल त्यात बुडून जातो.

मोजकंच_बरं:
हे मला माहीत नव्हतं, धन्यवाद. रंगाचं पटलं.

वाटसरू:
चादरीबद्दल आणखी एक. साधी सिंगल बेडची चादर साधारण ६० बाय ९० इंच असते. ६ फुटी टेबल म्हणजे ७२ इंच लांब, चादरीची ९० ची बाजू लांबीला घातली की दोन्हीकडे ९-९ इंच खाली येते. आणि ६० ची बाजू, २४ इंच टेबलावर, ३० इंच पुढे जमिनीपर्यंत, वर ६ इंच दुमडायला. म्हणजे एका जुन्या चादरीत समोरची बाजू पार जमिनीपर्यंत झाकली जाते आणि खाली खोकी, जादा माल, डबा, पाण्याची बाटली सगळं लपतं. एकरंगी हवी आणि इस्त्री केलेली हवी, घडीच्या रेषा दिसल्या की सगळी मेहनत फुकट जाते. घरून घडी न घालता जुन्या पुठ्ठ्याच्या नळीला गुंडाळून न्या.

सावली:
कुणी उजेडाबद्दल बोललं नाही म्हणून लिहितोय. सुईदोरा ताई, तुमच्या डोक्यावर छत कुठल्या रंगाचं आहे? निळी ताडपत्री असेल तर खालचा सगळा माल निळसर दिसतो, पांढरं कापड मळकट दिसतं आणि पिवळं हिरवट. मी कितीतरी दिवस निळ्या ताडपत्रीखाली बसलो आणि लोक वस्तू उचलून बाहेर उन्हात नेऊन रंग बघायचे, मला वाटायचं विश्वास नाही यांचा. खरं कारण लक्षात आल्यावर ताडपत्रीच्या आतून एक पांढरी चादर बांधली, बास. उजेडही वाढला, कारण पांढरं कापड जमिनीवरून आणि बाजूंनी वर आलेला उजेड खाली परतवतं.

ऊन स्टॉलच्या मागून येत असेल तर समोरून बघणाऱ्याला सगळं काळं दिसतं, तेव्हा मागे एक कापड लावून ते ऊन अडवा.

संध्याकाळी लाईट लागत असेल तर पॉवर बँकवर चालणारे छोटे यूएसबी एलईडी मिळतात. १०,००० एमएएचच्या पॉवर बँकमध्ये साधारण ३७ वॅट-तास असतात, ५ वॅटचा दिवा थोडी घट धरूनही साडेपाच-सहा तास चालतो. फक्त फारच छोटा दिवा घेऊ नका, करंट अगदी कमी खेचला तर काही पॉवर बँक आपोआप बंद होतात. कापडाचे रंग खरे दिसायला हवे असतील तर पाकिटावर ४००० केल्विनच्या आसपास (हा उजेडाच्या रंगाचा आकडा, ना फार पिवळा ना फार निळा) आणि सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा १०० पैकी आकडा) ९० किंवा वर लिहिलेला बघून घ्या. दिवा मालावर पडेल असा लावा, समोरच्याच्या डोळ्यात नको. आणि मेणबत्ती, पणती असलं काही सजावट म्हणून लावू नका, तुमचा सगळा माल कापड आहे.

पिशवीवाली_गिऱ्हाईक:
मी विकत नाही, घेते. माझ्या बाजूनेही सांगते. मी कुठल्या स्टॉलवर थांबत नाही तर जिथे मागून माणसं धक्के देत जातात तिथे, दोन मिनिटं शांत उभं राहता आलं नाही की हातातली वस्तू ठेवून निघते. त्यामुळे जमलं तर टेबल एक हात मागे घ्या, समोर थोडा खिसा तयार होतो, त्यात माणूस उभा राहतो.

दुसरं म्हणजे पाउच बंद ठेवलं तर मला कळत नाही आत काय मावतं. एक उघडं ठेवा, आत चष्मा, पेनं, चार्जर असं काहीतरी घालून. पिशवीत कागदाचे बोळे भरून तिला आकार द्या. आणि आरसा! पिशवी खांद्याला लावून बघायचा मोह आवरत नाही, घरातला एखादा लांबट आरसा शिडीला घट्ट बांधा. तिसरं, तुम्ही मोबाईलमध्ये डोकं घालून बसला असाल तर मला वाटतं यांना त्रास द्यायला नको आणि टक लावून बघत बसलात तर मी पळते. हातात काहीतरी काम असलेलं सगळ्यात छान.

सावली:
हो, तुम्ही तिथेच बसून शिवा ताई. हाताने टाके घालताना बघायला लोक थांबतातच, आणि हाताने बनवलंय हे वेगळं सांगावं लागत नाही.

सुईदोरा:
दोन बाजार झाले, आता सविस्तर लिहिते कारण तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून सांगितलंत.

पहिल्या बाजारी फुलांची चादर काढून राखाडी घातली, मागे तीन खोकी, पुढे दोन, शिडीला पिशव्या, पाटी रात्री जागून कापडाची केली, गडद निळ्यावर पांढरी अक्षरं शिवली. फोटो काढला आणि जुन्या फोटोशेजारी ठेवून बघितला तर मला विश्वास बसेना की हाच माल आहे. पण दुपारी वारा सुटला आणि मागची दोन खोकी वह्यांसकट समोर कोसळली, एक बाई वाकून बघत होत्या त्यांच्या हातावर. लागलं नाही पण माझ्या पोटात गोळा आला. रिकामी खोकी होती ना, वजनच नव्हतं. दुसऱ्या वेळी प्रत्येक खोक्यात तळाला पाण्याच्या दोन-दोन भरलेल्या बाटल्या आडव्या ठेवल्या आणि खोकी एकमेकांना चिकटपट्टीने बांधली, मग हलली नाहीत. शिडीसुद्धा टेबलाच्या पायाला दोरीने बांधली आणि आरसा अजून लावला नाहीये, वाऱ्याचं नीट जमल्याशिवाय काच नको वाटते.

वह्या उभ्या राहत नव्हत्या, घसरायच्या. त्याला पुठ्ठ्याची वीतभर रुंद पट्टी घेऊन तिला मुडपून त्रिकोण केला, पुढे खाली बोटभर कड वर दुमडली, त्या कडेवर वही टेकते. आता बारा वह्या उभ्या राहतात.

सगळ्यात जास्त फरक कशाने पडला तर उघड्या पाउचने. एका पाउचमध्ये माझा स्वतःचा चष्मा, कात्री, मोजपट्टी आणि दोऱ्याची रिळं घालून चेन अर्धी उघडी ठेवली. येणारा प्रत्येक जण पहिला हात त्यालाच लावतो, मग विचारतात याच मापात दुसरा रंग आहे का. म्हणजे त्या वेळी बोलणं सुरू झालेलं असतं. भावाच्या पाट्या लावल्यावर भाव विचारणारे कमी झाले आणि रंग विचारणारे वाढले. विक्रीही वाढली, पण दोनच बाजारांवरून मी फार काही बोलत नाही, पुढच्या महिन्यात वहीत बघून लिहीन.

शिवायला बसले तर खरंच लोक थांबले, एक आजी दहा मिनिटं बसून टाका कसा घालते ते बघत होत्या आणि मला उलटी टीप नीट कशी बसवायची ते शिकवून गेल्या.

आता एकच अडचण राहिलीय, टेबलाची चादर समोरून वाऱ्याने उडते आणि खालचा सगळा पसारा दिसतो. चिमटे वर लावले तरी खालची कड उडतेच.

वाटसरू:
वा, किती छान वाटलं वाचून! त्या पाण्याच्या बाटल्यांचं मीच आधी सांगायला हवं होतं, खोकी उंच करायला सांगितली आणि वजनाचं राहूनच गेलं. १ लिटर पाणी म्हणजे १ किलो, हा हिशोब छताच्या पायांनाही लावा, प्रत्येक पायाला २० लिटरचा भरलेला कॅन बांधला तर २० किलो वजन होतं. बाजारात पाणी मिळत असेल तर रिकामे कॅन न्यायचे आणि येताना ओतून टाकायचे.

अक्षरवेडी:
चादरीच्या खालच्या कडेला दोन बोटांची पोकळ दुमड शिव आणि त्यात लोखंडी वॉशर ओव, हार्डवेअरच्या दुकानात सुटे मिळतात. दर वीतभर अंतरावर एक, आणि प्रत्येक वॉशरच्या दोन्ही बाजूंना एक एक आडवी टीप मार म्हणजे ते घरंगळत एका कोपऱ्यात जमा होणार नाहीत. एका टोकाला दुमड शिवू नकोस, नुसती सेफ्टी पिन लाव. धुवायच्या आधी तिथून वॉशर काढता यायला हवे असतील तर मधल्या टिपा हाताने मोठ्या टाक्यांच्या घाल, ओढल्या की निघतात. गंज लागतो म्हणून जस्ताचा मुलामा दिलेले घे.

सुईदोरा:
हे आजच करते. वॉशर आणायला निघालेच.